दुधाची खोली पाडू नये

मी, लिओनेल आर्थर कॅचपोल, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार क्वेल्स एंड फार्म, सफोक, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, की पाजलेलीही नाही. गेल्या शुक्रवारी दुपारी माझ्या घराने जो आवाज केला, तो अजून कानांतून गेलेला नाही. अक्षर वेडेवाकडे दिसले तर वाचणाऱ्याने तो आवाज ध्यानात घ्यावा आणि माझ्या शुद्धीविषयी शंका घेऊ नये.

माझे वकील मिस्टर हॅमंड समोर चहा घेत बसले आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या कचेरीतल्या मिस ओकली आल्या आहेत. "कायद्याच्या भाषेत हे चार ओळींत होईल," असे हॅमंड मघापासून म्हणत आहेत. चार ओळींत मावण्यासारखे असते, तर एवढ्या चिखलातून मोटार हाकत या म्हणून मी त्यांना निरोप धाडला नसता.

कलम पहिले. याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते आज सकाळी हॅमंड यांच्या डोळ्यांदेखत मी चुलीत घातले. कागद चांगला होता, जळायला वेळ लागला. त्यातले एक कलम मात्र इथे नमूद करून ठेवतो, म्हणजे ते जाळण्याची घाई का झाली ते कळेल. त्यात मी लिहिले होते की, माझे दफन झाल्यावर, पाहुणे हॉलमध्ये जेवायला बसलेले असतानाच, घराच्या उत्तरेच्या भिंतीला चिकटून उभी असलेली सिमेंटच्या ठोकळ्यांची दुधाची खोली पाडून टाकावी. सगळ्यांच्या समोर, हॅमचे ताट हातात असताना, तिचा धुरळा उडावा, असे मला फार वाटे. पुष्कळ वर्षे मी हे दृश्य मनात रंगवत झोपी गेलो आहे.

ते कलम तसेच राहिले असते, तर पाहुण्यांपैकी किती जण त्या हॉलमधून बाहेर आले असते, हे मला सांगता येत नाही. पाद्रीबाबा तर नेहमी उत्तरेच्या बाजूलाच बसतात.

कलम दुसरे. हे कलम देण्याघेण्याचे नाही. पुढची सगळी कलमे ज्यावर उभी आहेत ती हकीकत यात आहे, म्हणून हॅमंड यांनी कितीही घसा खाकरला तरी हे राहील.

हे घर ओकच्या लाकडाच्या सांगाड्याचे आहे. मधोमध हॉल, पूर्वेला बैठकीची बाजू, पश्चिमेला कोठीची. खांबांमध्ये हेजलच्या काड्यांचे कूड, त्यावर माती, शेण आणि चिरलेला पेंढा. पोटमाळ्यावरच्या वाशांना काजळी धरलेली आहे; धुराडे बांधण्याच्या आधी हॉलच्या मधोमध जमिनीवरच जाळ पेटत असे, त्या जाळाची. लहानपणी मी त्या काजळीवरून बोट फिरवी आणि ते नाकाशी नेई. मला त्यात कोणाच्या तरी रात्रीच्या जेवणाचा वास येई. रूबेन, माझा धाकटा भाऊ, म्हणे, "उंदराचा वास आहे तो." आमच्या दोघांच्या स्वभावाविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

प्रत्येक सांध्यावर सुताराने छिन्नीने रेघा ओढलेल्या आहेत. त्या काळी घराच्या भिंती आधी अंगणात आडव्या मांडून जुळवत, कुठला खांब कुठल्या तुळईत बसतो त्याच्या खुणा करत, मग सगळे सुटे करून उभे करत. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खांबाला चार रेघा आहेत. मी चालायला शिकलो तो त्या रेघांना धरून, असे आई सांगे.

बाहेरून हे घर पूर्वी चुन्याच्या गिलाव्याने गळ्यापासून पायापर्यंत झाकलेले होते. मी गावच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होतो, त्या उन्हाळ्यात बाबांनी तो गिलावा खरवडून काढला. तेव्हा तशी टूमच होती. लंडनहून एक मासिकवाले गृहस्थ मोटारीतून आले होते. ते म्हणाले, "एवढा सुंदर सांगाडा आणि तुम्ही तो झाकून ठेवता?" बाबांनी खांब उघडे केले आणि त्यांना डांबराचा काळा हात दिला. घर बुद्धिबळाच्या पटासारखे दिसू लागले. रस्त्याने जाणारे थांबून पाहू लागले. मीही पाहत राहिलो, आणि त्या पाहण्यात माझे आयुष्य गेले म्हटले तरी चालेल. मी तेव्हा कविता लिहिली:

काळ्या खांबांनो, उभे राहा,
वादळ येवो, वादळ जावो;
तुमच्या खांद्यावर घर माझे,
पिढ्यान्‌पिढ्या असेच राहो.

बाईंनी, म्हणजे आमच्या मिस पेव्हरेलनी, ती शाळेच्या समारंभात माझ्याकडून म्हणवून घेतली आणि पितळी दौत बक्षीस दिली. तीच दौत आत्ता माझ्यासमोर आहे. शाळेत पाठ केलेल्या कविता मला अजून येतात. गाई येत नसत तेव्हा मी त्या म्हणत असे, आणि गाई येत. रूबेन म्हणे, कविता थांबावी म्हणून येतात.

पुढे एका हिवाळ्यात माझ्या छातीने दगा दिला. मला समुद्रकाठच्या इस्पितळात ठेवले. मी परत येईन असे कोणी धरले नव्हते. वसंतात आलो, गाडीतून उतरलो, आणि पाहतो तर उत्तरेच्या भिंतीला ती खोली. करडे ठोकळे, वर पत्रे, आणि एक लोखंडी खिडकी, जी आजवर कधी नीट उघडली नाही. माझ्या खांबांपैकी कोपऱ्यातला खांब अर्धा झाकला गेला होता.

"हे काय आहे?" मी विचारले.

"दुधाची खोली," रूबेन म्हणाला. "दूध थंड राहतं."

"तुला देवानं डोळे दिलेत की कोटाची बटणं?"

"बटणंच असतील," तो म्हणाला आणि माझी ट्रंक उचलून आत गेला.

त्या दिवसापासून मी त्या खोलीला रूबेनचा फोड म्हणत आलो. गावात म्हटले, बाजारात म्हटले, एकदा चर्चच्या दारात बिशपसाहेबांसमोरही म्हटले. बाबा वारले तेव्हा घर माझ्याकडे आले आणि जमीन रूबेनकडे. त्याने अंगणापलीकडे विटांचा बंगला बांधला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. जे काही असेल ते त्याची मुलगी थेल्मा हिच्या हाती.

"काका, बाबा विचारतायत, तुमच्या कोंबड्या आमच्या बार्लीत का?"

"त्यांना म्हणावं, कोंबड्यांना तुमचा फोड बघवत नाही, म्हणून इकडे तिकडे तोंड लपवतात."

थेल्मा लहान असल्यापासून हे निरोप नेते आणि आणते. आता तिची स्वतःची मुले शाळेत जातात, गाई तीच बघते, आणि तरी परवापर्यंत नेत होती.

या वसंतात मला वाटले, मेल्यावर कशाला, जिवंत असतानाच तो धुरळा पाहावा. मी सुतार गॉडफ्री अल्डस याला बोलावले.

"शुक्रवारीच का, मालक?" त्याने विचारले.

"शुक्रवारी रूबेन वासरांच्या बाजाराला जातो."

"म्हणजे भांडण नको."

"म्हणजे परत आल्यावर त्याला एकदम दिसायला हवं."

मी हॉलमध्ये खुर्ची खिडकीशी ओढून बसलो. अल्डसने पत्रे उतरवले. वरचे ठोकळे काढले. कोपऱ्यात, माझ्या खांबाला लागून, ठोकळ्यांचा एक जाड चौकोनी स्तंभ होता. तो फोडताना वरच्या टोकाला ओकची एक पाचर दिसली. "ही कशाला मारलीय इथं?" तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने ती हातोड्याने खालून ठोकून बाहेर काढली.

मग तो आवाज झाला.

मी गाय अडलेली ऐकली आहे. बर्फाने एल्मचे झाड मधून चिरताना ऐकले आहे. हा आवाज या दोन्हींसारखा होता आणि तो माझ्या डोक्यावरून, पायाखालून आणि धुराड्यातून एकदम आला. पाचशे वर्षे गप्प बसलेले काहीतरी बोलले. भिंतीवरची मोठी तुळई बोटभर खाली आली. मी ती येताना पाहिली. कपाटातल्या आईच्या बश्या एकामागून एक पुढे सरकल्या, जणू रांगेत उभ्या आहेत, आणि फरशीवर पडल्या. छतातून काजळी खाली आली आणि माझ्या चहाच्या कपात पडली. मी उठलो नाही.

आणि तेवढ्यात अंगणातून ओरडत येणारा रूबेन दिसला. बाजार त्या दिवशी लवकर उरकला होता, हे माझे नशीब. बाजाराचा कोट, टाय मागे उडालेला, वय चौऱ्याहत्तर, आणि पळत.

"पाचर! अरे गाढवा, पाचर परत ठोक! लिओनेल, बाहेर ये! आधी बाहेर ये म्हणतो ना!"

अल्डसने ती पाचर शोधेपर्यंत रूबेनने ठोकळ्यांच्या ढिगावर चढून आपला खांदा तुळईखाली घातला होता. माणसाच्या खांद्याने घर थांबत नाही हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तरी घातला. अल्डसने पाचर ठोकली. घर थांबले. वर गेले नाही, पण थांबले.

मी इथे लिहून ठेवतो की रूबेन धावू शकतो हे मला माहीत नव्हते.

मग अल्डसने खिशातून पेचकस काढला आणि माझ्या कोपऱ्यातल्या खांबाला लावला. जोर दिला नाही, नुसता लावला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्याने सालपट उचकटले. आत ओल्या तंबाखूसारखा भुगा होता. तो खांब नव्हता. खांबाच्या आकाराचे डांबर होते. गिलावा गेल्यापासून पाऊस सांध्यातून आत जात होता, आणि डांबरामुळे बाहेर येत नव्हता. मी ज्याला उभे राहा म्हणून कविता केली होती, तो केव्हाच उभा नव्हता.

उभा होता तो रूळ. ठोकळ्यांच्या स्तंभाच्या पोटात आगगाडीचा एक जुना रूळ उभा केलेला होता, खाली काँक्रीट, वर ती पाचर आणि पाचरीवर माझ्या घराची तुळई. सगळी दुधाची खोली त्या रुळाभोवती, तो दिसू नये म्हणून बांधलेली होती. आणि रुळावर, डोळ्यांच्या उंचीला, कानशीने घासून काढलेल्या चार रेघा होत्या.

मी त्या रेघांवर बोट ठेवले. नंतर काय झाले ते जसेच्या तसे लिहितो.

"हे तुला केव्हापासून ठाऊक होतं?" मी विचारले. रूबेनशी थेट बोललेले हे माझे, बाबांच्या दफनानंतरचे, पहिले वाक्य.

"तू समुद्रकाठी खोकत पडला होतास तेव्हापासून."

"बाबांना?"

"बाबांना काय सांगू? गिलावा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता. रोज संध्याकाळी त्याच खांबाला टेकून पाइप ओढायचे. मी म्हणालो, दुधाला खोली हवी. ते म्हणाले, बरं दिसणार नाही रे. मी म्हणालो, गाईंना चालेल."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगायलाच आलो होतो की. बाबांना पुरलं त्या दिवशी. दारात उभा राहून म्हणालो, लिओनेल, उत्तरेच्या भिंतीचं बोलायचंय. तू म्हणालास, जमीन मिळाली, आता भिंतही पाहिजे का? आणि तोंडावर दार लावून घेतलंस."

ते खरे आहे. दाराचा तो अडसर आत्ताही मला इथून दिसतो आहे.

"आणि त्यानंतर? एवढी वर्षं?"

"त्यानंतर कसं सांगू? थेल्माच्या हाती? 'काकांना म्हणावं घर पडतंय, आणि कोंबड्या आवरा'?"

थेल्मा आवाज ऐकून आली होती आणि खिडकीपलीकडे हॉलमध्ये फुटलेल्या बश्या एप्रनमध्ये गोळा करत होती. ती हसू लागली आणि हसता हसता तिथेच फरशीवर बसली. "तुम्ही दोघं ना," ती म्हणाली, "तुम्हा दोघांना एकाच पेटीत पुरायला पाहिजे."

अल्डसने स्तंभाचा खालचा ठोकळा बाजूला केला, आणि रुळाच्या पायाशी पोकळीत एक बूट निघाला.

आमच्याकडे घराच्या भिंतीत जुना बूट ठेवतात, वापरून वापरून ज्याला पायाचा आकार आलेला असतो असा. कोणी काही दुरुस्ती केली, धुराडे बांधले, दार फोडले, की एक बूट आत जातो. का, ते कोणी विचारत नाही. मी तो हातात घेतला. डावा होता. टाचेला मी स्वतः मारलेला खिळा होता.

इस्पितळातून परत आल्यावर हा बूट मी आठवडाभर शोधला होता. रूबेन म्हणाला होता, कुत्र्याने नेला. मी त्याला कुत्र्याहून वाईट काय काय म्हणालो होतो.

"डॉक्टर म्हणाले होते, येणार नाही तो," रूबेन आता म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "बूट तर ठेवायचाच होता कुठला तरी. म्हटलं, तुझा ठेवू. घरात राहील." मग त्याने टाय सारखा केला. "गाडीत वासरू आहे एक, न विकलेलं. त्याला पाणी दाखवतो," म्हणाला आणि गेला.

हकीकत संपली. हॅमंड यांनी तिसरा कप मागितला आहे.

कलम तिसरे. घर. क्वेल्स एंड फार्मचे घर, त्याचा हॉल, दोन्ही बाजू, पोटमाळा, काजळीसकट, आणि भोवतालची बाग मी माझी पुतणी थेल्मा हिला देतो. तिला घर जुने आहे म्हणून आवडत नाही, घर आहे म्हणून आवडते. आधी याच कारणाने ती मला नालायक वाटे.

यात एक राखीव. पूर्वेची बैठकीची बाजू, वरच्या झोपायच्या खोलीसह, रूबेन कॅचपोल याच्या हयातीपर्यंत त्याची राहील. या भागात पूर्वी विधवांना अशीच घराची एक बाजू लिहून देत, आणि त्याबरोबर चुलीशी बसण्याचा आणि विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क. मी रूबेनला तेवढे देतोच आणि वर पुढच्या दाराचाही हक्क देतो. तो आतापर्यंत मागच्या दारानेही आलेला नाही. त्याने चिखलाचे बूट घालून हॉलमधून चालत जायचे ठरवले, तर कोणीही हरकत घेऊ नये.

कलम चौथे. दुधाची खोली पाडू नये. हे मी ठळक लिहितो. अल्डसने फोडलेले ठोकळे पुन्हा लावावेत, पत्रे घालावेत, ती खिडकीसुद्धा तशीच राहू द्यावी, न उघडणारी. कोपऱ्यात नवा ओकचा खांब बसवल्यावरही रूळ काढू नये. पुढे कोणी शिकलेले लोक हे घर पाहायला येतील आणि म्हणतील की हा रूळ मूळ सांगाड्याचा भाग नाही. त्यांना त्यावरच्या रेघा दाखवाव्यात.

कलम पाचवे. पोस्टात माझे जे काही असेल ते सगळे नव्या खांबासाठी आणि गिलाव्यासाठी. घर बाहेरून पुन्हा चुन्याने झाकून टाकावे, गळ्यापासून पायापर्यंत. डांबराचा थेंबही लावू नये, आणि सिमेंटचाही नाही, कारण तोही पाणी कोंडतो असे अल्डस म्हणतो. रस्त्याने जाणारे मग थांबणार नाहीत. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. माझे घर मला काळे-पांढरेच दिसते, डोळे मिटले तरी. पण ते दिसणे त्याला मारत होते, आणि मी रोज सकाळी बाहेर जाऊन कौतुकाने त्याचे मरण पाहत होतो.

कलम सहावे. बाबांची हत्यारे, म्हणजे वाकस, दोन्ही हातांनी ओढायची रंधासुरी, मोठा गिरमिट आणि छिन्न्यांची पेटी, मी गॉडफ्री अल्डस याला देतो, त्याने पाचर काढल्याबद्दल आणि परत ठोकल्याबद्दल. मला वाटले होते, साक्षीदार म्हणून अल्डसचीच सही घ्यावी. पण हॅमंड म्हणतात, ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते. झाला, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याच्या वाट्याचे जाते. म्हणून साक्षीदार हॅमंड स्वतः आणि मिस ओकली. थेल्मा चहा ओतता ओतता हे ऐकून आत्ताच बाहेर गेली. अल्डसला हत्यारे प्यारी आहेत, तो अंगणात उभा आहे.

कलम सातवे. किरकोळ. त्या मासिकवाल्या गृहस्थांना मी काहीही देत नाही. ते कधीच वारले असणार, तरीही देत नाही. आमची लांब शिडी पाद्रीबाबांनी घंटाघरासाठी नेली ती परत मागावी. ती मी देवाला दिली नव्हती. पितळी दौत थेल्माच्या धाकट्या मुलीला, तिला गणित आवडते म्हणून. माझ्या दफनाच्या वेळी कोणीही माझी ती खांबांची कविता म्हणू नये. शाळेतली दुसरी कुठलीही चालेल, ज्यात फुले किंवा समुद्र आहे अशी. हॅम जाड कापावा. पाहुण्यांनी हॉलमध्येच बसावे, उत्तरेच्या बाजूलाही.

कलम आठवे. बूट परत रुळाच्या पायाशी ठेवावा. उजवा हरवला आहे, तो शोधू नये.

कलम नववे. इथे मी सही करणार होतो. पण आत्ता, मी लिहीत असताना, रूबेन आत आला आहे. पुढच्या दाराने. टोपी डोक्यावरच आहे. माझ्या खांद्यावरून त्याने तिसरे कलम वाचले, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसा.

"हे काय, बैठकीची बाजू?"

"तुझी."

"मला बंगला आहे."

"बंगल्याला आवाज नाही," मी म्हणालो.

त्याने ते कलम बोट ठेवून पुन्हा वाचले. मग हॅमंडकडे वळला. "साक्षीदार किती लागतात?"

"दोन," हॅमंड म्हणाले. "मी आणि मिस ओकली. पण तुम्ही नाही, मिस्टर कॅचपोल, तुम्ही जर सही केलीत तर..."

"थेल्मानं सांगितलंय काय होतं ते. तिचं काही जातं का त्यात?"

"त्यांचं नाही. तुमचं जातं."

"मग झालं तर. बाई, तुम्ही बसा."

हॅमंडनी चहाचा कप खाली ठेवला तो बशीत पडला नाही, टेबलावर पडला. मी लेखणी घट्ट धरून होतो. मला वाटले होते की शुक्रवारी माझ्यावर जेवढे कोसळायचे तेवढे कोसळून गेले.

"तुला डोकं आहे का रे?" मी म्हणालो. "आयुष्यात पहिल्यांदा तुला काही देतोय."

"म्हणून तर. मी रूळ उभा केला तो काय भाडं वसूल करायला? उद्या बाजारात म्हणतील, म्हातारा टेकू लावून बसला होता, घर मिळेस्तोवर." त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "आणि तो खांब आतून पाहिलेला एवढी वर्षं मी एकटाच होतो, लिओनेल. साक्षीदार व्हायला अजून कोण येणार आहे?"

थेल्मा दारात होती. ती या वेळी हसली नाही.

त्याला अडवणे मला जमले नसते. ते आजवर कोणाला जमलेले नाही. मी हॅमंडना विचारले, मेल्यावर द्यायला कायद्याची हरकत आहे, तर जिवंतपणी द्यायला आहे का?

"नाही," ते म्हणाले. "मुळीच नाही."

"मग रूबेन, तू आज ये. आत्ता. थेल्मा, पलीकडून याची गादी आण, आणि त्याचा तो घाणेरडा पाइपही."

रूबेन फरशीकडे पाहत उभा राहिला. थेल्माच्या एप्रनमधून निसटलेला बशीचा एक पांढरा कपचा तिथे अजून पडलेला होता. तो त्याने वाकून उचलला आणि खिशात टाकला. मग पायांकडे पाहिले. बाजूच्या शेतातला सगळा चिखल त्याच्याबरोबर आत आला होता.

"बूट कुठं काढू?" त्याने विचारले.

"काढू नकोस," मी म्हणालो.

वरील सर्व मी माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहिले आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे. शेवटच्या पानावरची काजळी छतातून आत्ताच पडली आहे. ती खाडाखोड समजू नये.

स्थळ: क्वेल्स एंड फार्म, स्वयंपाकघर.
दिनांक: १५ मे १९८४.

लिओनेल आर्थर कॅचपोल
(मृत्युपत्र करणार)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील सही झाली, आणि ती पाहून आम्ही सह्या केल्या:

१. एडमंड हॅमंड, वकील. पत्ता: बाजारपेठ, घड्याळाच्या दुकानावर.

२. रूबेन कॅचपोल, शेतकरी. पत्ता: लिओनेलचा आहे तोच.